अकरा मिनिटं वीस सेकंद

१

दर सोमवारी सकाळी सव्वानऊला मी तीनशे बारा मोजायचे.

'शेजारचा दिवा' ही आमची हेल्पलाइन. तैनान शहरात कालव्याच्या बाजूला एक चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर. ज्यांना जगणं नकोसं झालंय अशी माणसं आम्हाला फोन करतात. बहुतेक फोनांचं रेकॉर्डिंग सहा महिन्यांनी पुसून टाकतात. पण एखाद्या फोनमध्ये जिवाला खरोखरच धोका होता असं फोन घेणाऱ्याला वाटलं, तर ते रेकॉर्डिंग दहा वर्षं सीलबंद ठेवायचं, असा संस्थेचा नियम. अशी तीनशे बारा रेकॉर्डिंग होती. पूर्वी ती लोखंडी कपाटात, तबकड्यांवर असायची. पाच वर्षांपूर्वी आम्ही ती क्लाउडवर नेली आणि माझं काम सुरू झालं.

काम साधं होतं. प्रत्येक रेकॉर्डिंग एन्क्रिप्ट केलेलं, म्हणजे किल्लीशिवाय उघडलं तर नुसता आकड्यांचा भुगा. किल्ल्या दोन, करंगळीएवढ्या. एक आमच्या संचालिका यिन मॅडमकडे आणि एक माझ्याकडे. दोन्ही एका वेळी लावल्या तरच आवाज ऐकू यायचा. शिवाय त्या तीनशे बारांची नुसती यादी बघायलाही परवानगी लागायची. ती चौघांना होती: यिन मॅडम, मी, ज्येष्ठ समुपदेशक ल्वो ताई आणि ही सगळी यंत्रणा सांभाळणारा आ-हुंग.

सोमवारी मी आठवड्याचा अहवाल छापायचे. रेकॉर्डिंग किती, कोण आत आलं, कोणी काय उघडलं, प्रत्येकाचा आकार किती. सगळं जुळलं की खाली माझा लाल शिक्का. थू पेइ-लान. मग मी खाली जाऊन सोयाबीनचं गरम दूध आणायचे.

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी संख्या बरोबर होती. आठवडाभरात आत कोणी आलेलं नव्हतं. कोणी काही उघडलेलं नव्हतं.

फक्त दोनशे सात नंबरच्या रेकॉर्डिंगचा आकार वाढला होता.

२

"लान-ताई, चष्मा बदला," आ-हुंग म्हणाला. "खाली दुकान आहेच. ओळखीने स्वस्तात देतील."

"तू ये आणि बघ."

तो आला. पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा, सदा काहीतरी चघळत असलेला माणूस. मी दोन आठवड्यांचे कागद त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. त्याने चघळणं थांबवलं.

"असं होत नाही," तो म्हणाला.

"झालंय."

"नाही, तसं नाही. मला म्हणायचंय, होऊच शकत नाही. या जागी एकदा ठेवलेली वस्तू बदलता येत नाही. मलासुद्धा. मी मुद्दाम करायला गेलो तरी यंत्र माझ्या तोंडावर दार आपटेल. कुलूपबंद बरणीतलं लोणचं वाढतं का कुठे?"

"किती वाढलंय?"

त्याने वहीत आकडेमोड केली. आवाजाच्या दर सेकंदाला ठरावीक जागा लागते, त्यामुळे न ऐकताही लांबी कळते. "मूळ अकरा मिनिटं वीस सेकंद. आता बरोब्बर बारा मिनिटं. चाळीस सेकंद जास्त."

त्याने अर्धा दिवस घालवला. दुसरी प्रत ताइपेमधल्या यंत्रांवर होती, तीही तपासली. तिथेही चाळीस सेकंद जास्त. शेवटी म्हणाला की मापणारा प्रोग्रॅमच कुठेतरी चुकत असणार, दुसरं काही असूच शकत नाही. मलाही ते पटलं. पटवून घ्यायची माझी तयारी होतीच. यंत्रं चुकतात. मापं चुकतात. तीनशे बारा वस्तूंपैकी एकीचं माप चुकलं, त्यात काय मोठंसं?

पण त्या तीनशे बारांतली नेमकी तीच का चुकावी, हा प्रश्न मी आ-हुंगला विचारला नाही.

३

दोनशे सात हा फोन मी घेतला होता.

आठ वर्षांपूर्वी मी समुपदेशक होते. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते सहा. त्या शुक्रवारी सहाला बारा मिनिटं कमी असताना फोन वाजला. बाईचा आवाज होता, तरुण, पंचविशीच्या आतबाहेरचा. नाव सांगितलं नाही. नंबरही आमच्याकडे दिसत नव्हता. ती स्वयंपाकघरात उभी होती. मागे नळ ठिबकत होता.

"ताई, तुम्ही काही बोलू नका," ती म्हणाली. "मला सगळं माहीत आहे, तुम्ही काय सांगणार ते. नुसत्या असा. इथे कोणीतरी असलं म्हणजे आजची संध्याकाळ जाईल."

"मी आहे," मी म्हणाले. "तू ठेवेपर्यंत मी ठेवणार नाही."

मग ती गप्प. मीही गप्प. आम्हाला तसं शिकवलेलं असतं; शांततेला घाबरायचं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. फक्त नळ. घड्याळात सहा वाजत आले. माझी मुलगी शिकवणीच्या दाराशी उभी असणार होती, आणि आदल्या आठवड्यात उशीर झाला म्हणून ती रडली होती. मला वाटलं, फोन बाजूला ठेवून ही बाई केव्हाच निघून गेली असेल. मी दोनदा हळूच विचारलं, "आहेस ना?" उत्तर आलं नाही.

मी बटण दाबलं.

नोंदवहीत लिहिलं: 'बोलणारी शांत झाली. फोन समोरून ठेवला.' समोरून ठेवला म्हटल्यावर पोलिसांना कळवायची गरज नव्हती. त्यांनी प्रयत्न केला असता तर कदाचित घर सापडलंही असतं. जिवाला धोका या खान्यात मात्र मी खूण केली. तेवढी लाज उरली होती. म्हणून ते रेकॉर्डिंग सीलबंद झालं.

तिचा पुन्हा फोन आला नाही. पुढे वर्षभरात मी समुपदेशन सोडलं, आणि किल्ल्या आल्या तेव्हा त्या सांभाळायचं काम घेतलं. लोकांना वाटलं, थकली. मी कोणालाच काही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

४

पुढच्या सोमवारी दोनशे सात नऊ मिनिटांनी वाढलेलं होतं. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन तासांनी.

आ-हुंगने आता विनोद करणं सोडलं होतं. मापणारा प्रोग्रॅम त्याने नवा बसवला होता. "कोणीतरी आत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "कसं ते मला कळत नाही, पण कोणाची तरी परवानगी वापरून कोणीतरी आत येतंय, आणि आपली पावलं पुसून जातंय."

हे ऐकून मला भीती वाटली, आणि खरं सांगते, सुटकाही वाटली. चोर असेल तर बरंच. चोराला दार बंद करता येतं.

त्यातच दुसरा विचार होता, आणि तो इतका सोयीचा नव्हता. कोणीतरी दोनशे सातमध्ये शिरलंय म्हणजे कोणीतरी ते ऐकलंय. शेवटचा 'खट्' आवाज आमच्या बाजूचा आहे, हे कान असलेल्या कोणालाही कळलं असतं.

मी यिन मॅडमकडे गेले. सहासष्ट वर्षांच्या, ताठ, आवाज कधी न चढवणाऱ्या बाई. संस्था त्यांनी उभी केलेली. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलं होतं.

"परवानग्या कमी कराव्यात," मी म्हणाले. "छडा लागेपर्यंत. ल्वो ताईंची काढावी, आ-हुंगचीही काढावी."

"ल्वोवर संशय आहे तुझा?"

"संशय कोणावरच नाही. दारं जितकी कमी, तितकं बरं."

"आणि माझी किल्ली?"

मी पाठ केलेलं वाक्य बोलले. "तुम्ही दवाखान्यात असताना ती पाकिटात घालून इथल्या तिजोरीत राहू दे. पाकिटावर तुमचा शिक्का मारा. आणि तोवर यादीतलं तुमचं नावही काढून ठेवू."

"तू आहेस म्हणून मला काळजी नाही," त्या म्हणाल्या.

ल्वो ताईंना कळलं तेव्हा त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात जेवणाचा डबा होता, तो त्यांनी माझ्या कागदांवर ठेवला. "अठरा वर्षं, लान. या खोलीतल्या निम्म्या फोनांना मी कान दिलाय. आणि आज मला यादीसुद्धा बघायची नाही?"

"ताई, तात्पुरतं आहे."

"तात्पुरतं म्हणे! बाहेर काढताना सगळे तात्पुरतंच म्हणतात. तू तरी वेगळं काहीतरी सांगायचंस." त्यांनी डबा उचलला. "जेवलीस का? तोंड बघ कसं झालंय. मेणबत्तीसारखं."

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी यादीत एकच नाव उरलं. माझं.

त्या आठवड्यात दोनशे सात आठ तासांनी वाढलं.

५

आ-हुंगला आता आत जाता येत नव्हतं, पण आकार बाहेरूनही दिसतो. तो माप कसं बदलतंय ते दर तासाला वहीत उतरवत होता. ती वही त्याने माझ्यापुढे ठेवली आणि बोट ठेवून दाखवलं.

"हे बघा. सोमवारी काही नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. दुपारी दोनला सुरू होतं, सहाला थांबतं. मधे एक सेकंद कमी नाही, जास्त नाही. चोर आहे की सरकारी कारकून?"

तो हसायला बघत होता. मी हसले नाही. माझ्या जुन्या पाळीचे तास त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. तो त्यानंतर आला.

"लान-ताई, मला एक सांगा. त्या फोनमध्ये आहे काय?"

"ते तुला सांगता येत नाही. नियम आहे."

"बरोबर," तो म्हणाला. वही मिटली. मग म्हणाला, "मी बाहेरची सगळी दारं तपासली. एकूण एक. आत कोणी शिरत नाहीये. मग मी उलटा विचार केला. जे वाढतंय ते बाहेरून आत जात नसेल. आतच असेल."

घरी जाताना मी रोजच्यासारखी भाजी घेतली, भात लावला, मुलीशी बोलले. ती आता सोळा वर्षांची आहे, शिकवणीहून एकटी येते. नळ नीट बंद होत नव्हता. नवऱ्याने उद्या बघतो म्हटलं. मी त्याच्याखाली फडकं ठेवलं, थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून. आणि फडकं भिजल्यावर उठून दुसरं ठेवलं.

६

मंगळवारी दुपारी अडीच वाजता मी तिजोरी उघडली, यिन मॅडमचं पाकीट काढलं आणि त्यांचा शिक्का फाडला.

आमची ऐकण्याची खोली लहान आहे. भिंतींना बुचाचं अस्तर, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला घुमत नाही. एक टेबल, एक यंत्र, दोन खुर्च्या. दोन किल्ल्यांची दोन माणसं बसायची म्हणून दोन. मी दार लावून घेतलं. दिवा भक्क होता. बाहेर लख्ख ऊन होतं आणि हॉलमध्ये चार जण फोनवर बोलत होते, हे मी स्वतःला बजावलं.

दोन्ही किल्ल्या लावल्या. कारण विचारलं जातं, तिथे लिहिलं: 'तपासणी'. हेडफोन चढवला.

फोन मला आठवत होता तसाच होता. "नुसत्या असा." माझा तेव्हाचा आवाज, माझं वचन. मग नळ. शांतता. माझं "आहेस ना?" दोनदा. अकरा मिनिटं वीस सेकंद, आणि खट्.

नळ ठिबकतच राहिला.

रेकॉर्डिंग आमच्या बाजूला होतं. आम्ही फोन ठेवला की पलीकडचं काही ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. मी हेडफोन कानावर दाबून धरला. ठिबक, ठिबक. चाळीस सेकंदांनी ती बोलली.

"ताई?"

रडवेली नव्हती. रागावलेली नव्हती. आपण काही ऐकायचं चुकवलं का, अशा आवाजात विचारत होती.

मग म्हणाली, "बरं. मी थांबते."

मी पुढे सरकले. एक तास पुढे: स्वयंपाकघर, भाताच्या कुकरची कळ टक् करून वर आली. तीन तास पुढे: खाली रस्त्यावर कचऱ्याची गाडी तिची धून वाजवत गेली, जिन्यातून माणसं पिशव्या घेऊन उतरल्याचे आवाज आले. ती उतरली नाही. सात तास पुढे: काहीच नाही, आणि मग अगदी फोनजवळ, "ताई, मी आहे हं." जणू मीच वाट बघत होते आणि ती मला धीर देत होती. नऊ तास. दहा. नळाचा आवाज थांबलेला. कुकर नाही, रस्ता नाही. कुठल्यातरी क्षणी ती त्या स्वयंपाकघरातून निघाली होती, आणि कुठे ते ऐकू येत नव्हतं.

यंत्रावर एकूण लांबीचा आकडा असतो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो चालत होता. एकेक सेकंदाने वाढत होता, माझ्या डोळ्यांदेखत. तीन वाजायला पाच मिनिटं होती. मंगळवार.

मी अगदी शेवटी गेले, जिथे आकडा वाढत होता तिथे.

तिथे एक बंद जागा ऐकू आली. न घुमणारी. आवाज कापसात बुडवावा तशी. कोणीतरी श्वास घेत होतं. मला वाटलं माझाच, म्हणून मी श्वास रोखला.

दुसरा श्वास चालू राहिला.

मग लाकूड करकरलं. बसलेल्या माणसाने अंग सावरलं की खुर्ची करकरते तसं.

मी हेडफोन काढला. खोलीत काही आवाज नव्हता. समोरची खुर्ची रिकामी होती. मी आत आले तेव्हा ती टेबलाखाली सरकवलेली होती की नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. आता ती बाहेर ओढलेली होती आणि माझ्याकडे तोंड करून होती. बैठकीच्या गादीवर खळगा होता. जुन्या गाद्यांवर असतो. तो हळूहळू भरत होता का, हे बघायला मी थांबले नाही.

नाही, थांबले. तेवढं खोटं नको. मी उठले, दाराला हात लावला आणि पाठमोरी उभी राहून म्हणाले, "फोन मी ठेवला होता. तू नाही. मी ठेवला." दोन्ही किल्ल्या तशाच यंत्रात होत्या. त्या काढायला मला वळावं लागलं असतं.

मी वळले नाही.

७

यिन मॅडमच्या गुडघ्याला पट्ट्या होत्या आणि त्या दवाखान्याच्या खिडकीशी बसून पेरू खात होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि ताटली बाजूला ठेवली.

मी सगळं सांगितलं. म्हणजे फोनचं सगळं: बटण, नोंद, पोलीस, पाकीट. खोलीचं फार सांगितलं नाही. रेकॉर्डिंग वाढलंय, त्यात पुढे आवाज आहेत, एवढंच.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "किल्ल्या कुठे आहेत?"

"यंत्रात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तेव्हा मात्र त्यांचा आवाज बदलला. "आठ वर्षांपूर्वी तू चाळिशीलाही नव्हतीस. पोर रस्त्यावर उभी होती. ते मी समजू शकते, लान. आज तू त्या बाईला उघडं टाकून आलीस. पुन्हा." त्यांनी फोन उचलला आणि ल्वो ताईंना लावला. "मेइ-श्यू, ऐकण्याच्या खोलीत जा. यंत्रातल्या दोन किल्ल्या काढ आणि तुझ्याजवळ ठेव. हो, तूच. काही ऐकू नकोस. यंत्र बंद कर आणि दार लावून घे." मग थोडं थांबल्या. "काय? बरं. बंद झाला ना? बरं."

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, आत पंखा चालू होता का कोण जाणे, कागद हलत होते."

त्या खोलीला पंखा नाही. मॅडमना ते माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांनी पेरूची ताटली माझ्याकडे सरकवली. "खा. आणि घरी जा. पुढच्या बुधवारी मी काठी घेऊन येते. सगळे मिळून ऐकू. आता एकटीने कोणी काही ऐकायचं नाही."

८

माझं नाव यादीतून मॅडमनी स्वतः काढलं. आठ वर्षांपूर्वीची नोंद माझ्याच हाताने दुरुस्त करून घेतली: 'फोन मी ठेवला.' खाली शिक्का. पोलिसांना पत्र गेलं. इतक्या वर्षांनी नंबर शोधता येणार नाही, असं त्यांचं उत्तर आलं. नोकरी गेली नाही. मी आता हिशेबाच्या खोलीत बसते, पाकिटांवर पत्ते लिहिते. आ-हुंगने उन्हाळ्यात दुसरीकडे काम घेतलं. जाताना ती वही तो माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, घरात नको वाटते.

पण त्या बुधवारचं सांगायचं राहिलं.

आम्ही चौघं त्या खोलीत बसलो. आ-हुंगने दोन स्टुलं आणली होती. मी दाराजवळचं घेतलं. त्याने आधी आकार पाहिला, मग वहीत पाहिलं, मग पुन्हा आकार पाहिला.

"अकरा मिनिटं वीस सेकंद," तो म्हणाला. "मूळ होतं तेवढंच." चष्मा काढून पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला.

ल्वो ताई आणि मॅडमनी किल्ल्या लावल्या. आवाज खोलीत मोकळा सोडला.

"नुसत्या असा." "मी आहे. तू ठेवेपर्यंत मी ठेवणार नाही." नळ. शांतता. ल्वो ताई खाली मान घालून ऐकत होत्या. माझं "आहेस ना?" आलं. दुसरं आलं. मी दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून त्या खट् आवाजाची वाट बघत होते. निदान तो सगळ्यांनी ऐकावा, इतकीच माझी इच्छा उरली होती.

तो आला नाही.

"ताई," ती बाई म्हणाली, "आता ठेवते मी. खूप वेळ बसलात माझ्यासाठी. आता जा तुम्ही घरी."

मग फोन ठेवल्याचा आवाज झाला. हळू, जपून, पलीकडच्या बाजूने. रेकॉर्डिंग संपलं.

ल्वो ताईंनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. "अगं वेडे! तिनेच ठेवला की गं. ऐकलंस ना? इतकी वर्षं उगाच जिवाला लावून घेतलंस. मन असंच करतं, लान, आपण रोज लोकांना हेच सांगतो ना? नसलेला अपराध आपल्या माथी घेतो माणूस."

आ-हुंगची वही त्याच्या गुडघ्यावर उघडीच होती, आकड्यांनी भरलेली.

यिन मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी हे रेकॉर्डिंग पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. काठीवर दोन्ही हात होते आणि कपाळाला आठी होती, कुठलं तरी बेरीज न जुळणारं कोडं पडल्यासारखी.

"फोनवर दोघी होत्या का गं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही, मॅडम. एकटीच होती."

"मग मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला जी बोलते ती पोरगी आहे. वीस-पंचवीसची. पण शेवटची..." त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "ही शेवटची तर माझ्या वयाची आहे."